फलाट क्रमांक तीनवर जिलबी

अमळनेरच्या त्या घरात मी माडीवर राहायला गेले, त्या दुपारी खालून खणखणीत आवाज आला. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. गोड चहाहून जिलबीमार्गे दवाखान्याकडे जाणारी विनाथांबा बस फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. प्रवाशांनी जागेवर बसून राहावे. कुणीही गाडीत चढू नये.’

मी भांड्यांचं पोतं सोडत होते. हातातलं पातेलं तसंच ठेवून जिन्यात आले. खाली ओसरीवर एक उंच, काटक गृहस्थ डोळे मिटून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ताठ बसले होते. शेजारी त्यांची बायको मेथी निवडत होती आणि तिने मानसुद्धा वर केली नाही. असा बराच वेळ गेला. मग त्या गृहस्थांनी डोळे उघडले, ‘गयी गाडी,’ असं समाधानाने म्हणाले आणि खिशातून फुटाणे काढून खाऊ लागले. मला इतका आनंद झाला की काय सांगू! आयुष्यभर मी सरळमार्गी, शहाण्या, कंटाळवाण्या माणसांच्या घरात भाड्याने राहिले होते. या वेळी नशिबाने हात दिला होता.

हे आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नाना म्हणू लागले. त्यांच्या बायकोला अक्का. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीत बसून त्यांनी उभी नोकरी गाड्या लावल्या, गाड्या सोडल्या आणि माइकवरून लोकांना धाकात ठेवलं. निवृत्त झाले तेव्हा माइक स्टँडवर राहिला, पण आवाज घरी आला, असं अक्का म्हणायच्या. निवृत्तीपाठोपाठ शुगरही घरी आली. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, भात-पोळी कमी करायला सांगितली, आणि गोडाची इच्छा झाली तर मन दुसरीकडे वळवा म्हणाले. नानांना हे शेवटचं अजिबात पटलं नाही. मन म्हणजे काय रिक्षा आहे, वळवायला? त्यांनी बसून स्वतःचा विचार केला आणि एक शोध लावला. तो शोध त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितला, मी विचारलेलं नसताना.

‘इतली वरीस स्टँडवर काढी. एक बी गाडी कायमनी उभी राहिनी नही. गाडी येस, थांबस, जास. आपण फक्त चढानं नही.’

बस, एवढंच. खायची हाव आली की ती आली हे मोठ्याने जाहीर करायचं, ती कुठून आली आणि कुठे नेणार हे सांगायचं, आणि जाईपर्यंत बसून राहायचं. तिच्याशी भांडायचं नाही, तिला शिव्या द्यायच्या नाहीत. गाडीला शिव्या देऊन गाडी लवकर सुटल्याचं कुणी पाहिलंय का, असा त्यांचा प्रश्न असे. त्यांच्याकडे गाड्यांचे प्रकारही होते. भाकरी ही साधी गाडी, गावोगाव थांबत जाणारी. साखरेचा चहा जलद. जिलबी विनाथांबा. आणि आमरस ही मुक्कामी गाडी. संध्याकाळी येते, गावातच झोपते आणि सकाळी उठल्यावर पुन्हा दारात उभी. उन्हाळ्यात नाना या मुक्कामी गाडीने फार हैराण व्हायचे.

मी मूळची यावलची. केळीच्या बागांत वाढले, आणि आमच्या घरी केळ्याला कुणी गोड मानतच नाही, ते नुसतं तोंडात टाकायचं. अमळनेरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. पुस्तकांना नंबर घालता घालता केळी वेफर्सचा पुडा कधी संपायचा ते मला कळायचं नाही, आणि वर पेढा मिळाला तर मी नाही म्हणणारी नव्हे. माझीही शुगर तेव्हा अगदी काठावर आली होती. हे नानांना कळलं मात्र, त्यांनी मला कामावर घेतल्यासारखं शिकवायला सुरुवात केली. आधी भाजी, मग डाळ, मग भाकरी, तीही दादर ज्वारीची. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, स्टँडपर्यंत चालत जाऊन धुळ्याची गाडी लागली का ते बघून यायचं. धुळ्याला जायचं असो नसो. मी रोज जाऊन बघायचे. तिथले कंडक्टर मला ओळखायला लागले आणि बाई रोज येतात पण बसत नाहीत, म्हणून त्यांच्यात काय काय चर्चा झाली ती मला फार उशिरा कळली.

एकदा आमच्या प्राचार्यांना नातू झाला. ते स्वतः पेढ्यांचा डबा घेऊन ग्रंथालयात आले, आणि माझ्या तोंडून सगळ्या मुलांसमोर स्पष्ट निघून गेलं, ‘फलाट क्रमांक तीन.’ प्राचार्य डबा तसाच घेऊन परत गेले. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नानांनी मला ओसरीवर बसवून अक्कांकडून ताक मागवलं. माझा एवढा सत्कार त्या कॉलेजात कधी झाला नाही.

आता हे सगळं ऐकून नाना म्हणजे मोठे योगी होते असं वाटेल. छे! सुरुवातीला डॉक्टरांनी भात-पोळी कमी करा म्हटल्यावर त्यांनी काय केलं होतं, ते अक्का तिखटमीठ लावून सांगायच्या. नानांनी निष्ठेने भात सोडला, पोळी सोडली आणि रोज वरण-बट्टी खायला लागले. बट्टी म्हणजे आमच्याकडचा कणकेचा गोळा, उकडून, तळून, कुस्करून त्यावर तुपाची धार. बट्टी म्हणजे भात नाही, बट्टी म्हणजे पोळीही नाही, डॉक्टरांनी बट्टीचं नाव घेतलं नाही, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद. महिन्याने रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, तुम्ही खाता तरी काय? नानांनी अभिमानाने सांगितलं. खानदेशातला डॉक्टर, त्याने हसू दाबलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात ‘बट्टी’ लिहून त्यावर फुली मारली. तो कागद पुढे कितीतरी दिवस चुलीजवळ चिकटवलेला होता.

लग्नसराईत तर नानांची खरी परीक्षा असायची. आमच्याकडच्या पंगतीत पानावर आडवा हात धरला तर वाढणारा हाताच्या वरूनच जिलबी टाकतो, आणि नको म्हणणारा माणूस लाजतोय असं समजून दोन जास्त टाकतो. नानांनी यावर उपाय काढला. मांडवात शिरले की ते सरळ आचाऱ्याकडे जायचे आणि जिलबीचं घमेलं स्वतःच उचलायचे. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांना अक्षरशः नमस्कार केला. पण त्यातही स्वभाव गेला नाही. ते पंगतीतून घमेलं घेऊन निघाले की शुगर असलेली माणसं त्यांना पाठ असत, आणि अशा पानापाशी ते थांबत नसत. ‘आपली गाडी आज रद्द शे,’ एवढं मोठ्याने सांगून पुढे. एका लग्नात नवरदेवाच्या मामाची गाडी त्यांनी अशी रद्द केली. मामा पान सोडून उठला, व्याही धावले, आणि शेवटी नानांच्या हातून घमेलं काढून घ्यावं लागलं. तरी रुसलेल्या मामाला घरी सोडायला नानाच गेले, आणि वाटेत त्याला फुटाणे दिले.

पण एक गोष्ट मला फार आवडायची. लग्नाहून घरी आल्यावर ते मला हळूच विचारायचे, जिलबी कशी होती? मी थोडी चाखलेली असायची. मग मी सांगायचे, कडा कुरकुरीत होत्या, पाक आतपर्यंत गेला होता, केशर कमी होतं. ते डोळे बारीक करून ऐकत राहायचे. मध्येच म्हणायचे, ‘गरम व्हती का?’ मी हो म्हटलं की खूश. त्या माणसाने गोड सोडलं होतं, पण गोडावरची माया सोडली नव्हती. मला तर वाटतं माया नसती तर ते कधीच टिकले नसते.

डोळे बारीक करण्यावरून आठवलं. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ज्या माणसाला लांबून येणारी गाडी नुसत्या पुढच्या काचेवरून ओळखू यायची, त्याला आता गल्लीच्या टोकाला म्हैस आहे की माणूस, हे आम्हाला विचारावं लागायचं. धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शुगर खाली आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. नानांचा सारा आटापिटा खरं तर त्यासाठी होता. त्यांना पुन्हा गाड्यांच्या पाट्या वाचायच्या होत्या, दुसरी काही हौस नव्हती. ऑपरेशन शेवटी झालं, दोन्ही डोळ्यांचं नीट झालं, पण ठरल्या वेळी झालं नाही. ते का झालं नाही, तेच मला सांगायचं आहे.

नानांचा एक मित्र होता, दोंडाईच्याचा. एसटीत ड्रायव्हर. त्याला सगळे आबा म्हणायचे. सुरतेची गाडी करायचा आणि येताना तिथली खव्याची घारी आणायचा, तुपात माखलेली. गाडी लावली की आबा नियंत्रकाच्या खोलीत शिरायचा, आणि माइक बंद करून दोघं घारी खायचे. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि सगळ्या स्टँडने दोघांचं ‘आहाहा’ ऐकलं, ही गोष्ट नाना स्वतःच सांगायचे. पुढे दोघांनाही शुगर निघाली. नाना सुधारले, आबा सुधारला नाही. आधी त्याच्या पायाचं बोट गेलं, मग पाऊल, आणि मग एका हिवाळ्यात आबाच गेला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी आबाची बायको अमळनेरला आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, चुलीत पहिला घास टाकतात, आणि एका माणसाला पितर म्हणून ताटावर बसवतात. तो माणूस त्या दिवशी तो गेलेला माणूसच असतो. तो पोटभर जेवला, तृप्त होऊन उठला, तरच गेलेला तृप्त झाला. ताट खापरावरच्या पुरणपोळीचं आणि आमरसाचं. ती बाई ओसरीवर बसली, अक्कांनी चहा दिला तर म्हणाली बिनसाखरेचा द्या, मी गोड सोडलंय. मग नानांना म्हणाली, या आखाजीला त्यांच्या ताटावर तुम्ही बसा.

अक्कांनी लगेच सांगितलं की आखाजीच्या पुढच्याच आठवड्यात धुळ्याला डोळ्यांची तारीख आहे. शुगर जराही वर गेली तर पुन्हा परत पाठवतील. बाईने मान हलवली. तिला सगळं माहीत होतं. ती रागात नव्हती, रडतही नव्हती, आणि म्हणूनच तिचं बोलणं मला आजही ऐकू येतं.

‘भाऊ, तुम्हीन सांगं व्हतं, गोड देवू नका. मी दिधं नही. पुरणपोयी मांगत मांगत त्या ग्यात. मी म्हणे, बरा व्हई जा, मंग आखाजीले करसू.’

त्या दिवशी ओसरीवरून एकही घोषणा झाली नाही. मी वरून कान देऊन बसले होते. नाना जेवले, नेहमीसारखे चालायला गेले, आले आणि ओसरीवर बसले. मी खाली जाऊन माझी अक्कल चालवली. म्हटलं, नाना, एक घास घ्या आणि उठा, देवाला काय कळतंय. नाना म्हणाले, देवाचा काय संबंध? मी उपाशी उठलो तर ती बाई उरलेलं आयुष्य त्या उपाशी माणसाबरोबर काढेल. मग जरा वेळाने म्हणाले, मी तिला फोनवर रोज बजावायचो, वहिनी, देऊ नका, एक घास पण देऊ नका. किती जोरात सांगायचो मी! हे बोलताना त्यांचा तो सगळ्या स्टँडला दरडावणारा आवाज जेमतेम माझ्यापर्यंत पोचत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आखाजीला मी त्यांच्यासोबत दोंडाईच्याला गेले. डोळ्यांमुळे ते एकटे जाऊ शकत नव्हते, आणि अक्कांनी मला पाळतीवर नेमलं होतं. एक घास झाला की हात धरून उठव, असा त्यांचा हुकूम होता. रेल्वे सोयीची होती, पण आयुष्यभर एसटीचं मीठ खाल्लेला माणूस रुळांवरून जाईल कसा? बसने गेलो. नानांनी खिडकीची जागा घेतली, बाहेरचं काही दिसत नसताना. प्रत्येक थांब्यावर मला विचारत होते, समोरून कोणती गाडी आली, पाटी काय आहे. मी वाचून दाखवत होते. वाटेत मी ठरवून टाकलं होतं की अक्कांचं ऐकायचं. या माणसाला दिसायला लागलं पाहिजे, मग कुणाला काय वाटायचं ते वाटो.

घरात भावकीतली माणसं जमली होती. घागर भरलेली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं होतं. चुलीवर उलटं खापर तापलं होतं आणि वहिनी, म्हणजे आबाची बायको, स्वतः पोळी करत होत्या. हातावर फिरवत फिरवत ती पोळी कोपरापर्यंत पसरली, मग अलगद खापरावर पडली. तो वास आला आणि मला फलाट, गाडी, पाटी काही आठवेना. मी नानांकडे पाहिलं. ते पाटावर बसले होते, ताठ, आणि हसत होते.

पहिली पोळी ताटात पडली. नानांनी तिचे तुकडे केले नाहीत. सगळी पोळी रसाच्या वाटीत दाबली, तूप ओतलं, कालवलं, आणि मोठा घास घेतला. कुणीतरी मागून म्हणालं, आबा असेच खायचे. खाताना मी नानांना कधी एवढं आनंदात पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखे बोटं चाटून खात होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, अक्कांनी सांगितलं होतं तसा. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि पुढचा घास घेतला. मी पुन्हा हात पुढे केला नाही. उलट मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं, खा नाना, खा.

वाटी रिकामी झाली. वहिनी दुसरी पोळी घेऊन आल्या. नानांनी ताटावर आडवा हात धरला. वहिनी थबकल्या, चेहरा पार उतरला.

‘मी आज आबा शे ना?’ नानांनी विचारलं.

‘शे,’ वहिनी म्हणाल्या.

‘मंग आयक. मनं पोट भरनं. इतलं भरनं का आते जागा नही. ही पोयी तू खाय. दुसरं ताट घे, आठेच बठ, मना समोर.’

पितराचं जेवण चालू असताना घरच्या बाईने समोर जेवायला बसायचं, हे तिथे कुणी कधी पाहिलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ काही बोलणार होते, पण पितराला उलट बोलता येत नाही, म्हणून ते तोंड उघडून तसेच राहिले. वहिनी म्हणाल्या, भाऊ, मी गोड सोडलंय. नानांनी त्यांना लगेच दुरुस्त केलं. भाऊ नाही, आबा. आणि आबाने सांगितलं असताना सोडायचं काय अन् धरायचं काय? ज्या माणसाने आख्ख्या तालुक्याच्या पानांवरच्या जिलब्या रद्द केल्या, तो एका बाईला पुरणपोळी खा म्हणून हट्ट धरून बसला होता.

शेवटी वहिनी बसल्या. कुणीतरी ताट दिलं, वाटीत रस ओतला. त्यांनी पोळी मोडली आणि तो तुकडा हातात धरून बराच वेळ तशाच राहिल्या. नानांचे पांढुरके डोळे नेमके त्यांच्यावर होते आणि त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ते माझ्याकडे झुकले.

‘खाई राहिनी का ती? माले दिखत नही. सांग.’

‘घास हातात आहे, नाना.’

‘मंग?’

‘तोंडात घातला.’

‘मंग?’

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. नानांनी माझ्या दंडाला धरून हलवलं.

‘दुसरा मोडला,’ मी म्हटलं. ‘नाना, त्यांनी रस मागितला.’

नानांनी मोठा श्वास सोडला, उष्टा हात पुढे केला आणि म्हणाले, ‘आते हात धुवाले पाणी दे.’